व्हाउचर पास करणाऱ्यानेच ऑडिट करायचं?

मागच्या रविवारी नदीकाठच्या झाडांच्या मीटिंगला गेले होते. छोटासा हॉल, पंख्याचा घरघर आवाज, आम्ही जेमतेम पस्तीस जण आणि त्यातले निम्मे मॉर्निंग वॉकवाले काका-काकू. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते, चेक्सचा शर्ट, पायात चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट, मांडीवर छोटी वही. पुण्यात ज्यांनी कधी सभा-मोर्चे केलेत त्यांना ही साध्या वेशातली पोलीस मंडळी बुटांवरून ओळखू येतात. मीटिंग संपल्यावर ते आमच्या सेक्रेटरीबाईंकडे आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, बोलणाऱ्यांची नावं जरा परत सांगता का? आणि संख्या किती टाकू, चाळीस टाकू?" आम्ही नावं सांगितली, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. चहा पण दिला. चहा पिताना मी सहज विचारलं, दादा, ही वही पुढे कोण वाचतं? म्हणाले साहेब वाचतात. आणि साहेबांनी काय लिहिलं ते? "त्यांचे साहेब." त्यांच्या वर? "ते आपल्याला कसं कळणार ताई."

त्या माणसावर माझा काडीचाही राग नाही, हे आधीच सांगते. तो उन्हातान्हात ड्युटी करतोय, समोर येऊन विचारतोय. पण त्याचं शेवटचं वाक्य आठवडाभर डोक्यातून जाईना, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा पासपोर्ट चार महिने अडकला होता. व्हेरिफिकेशनच्या वेळी तिला विचारलं, तुम्ही अमुक तारखेला अमुक सभेला होतात का. होती ती, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गेली होती, भाषणं ऐकून भेळ खाऊन घरी आली. तिच्याबद्दल नक्की काय लिहून ठेवलंय ते आजपर्यंत कोणी दाखवलं नाही. पासपोर्ट शेवटी आला. पण पोरगी आता कुठल्याही सभेला जात नाही, आणि मला त्या चार महिन्यांपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

मी बावीस वर्षं ऑडिटच्या कामात आहे. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की ज्याने व्हाउचर पास केलं त्याने ते तपासायचं नाही. तो चोर आहे म्हणून नाही, माणूस आहे म्हणून. अहो, आमची चाळीस फ्लॅटची सोसायटी, तिथेसुद्धा कमिटी स्वतःचा हिशोब स्वतः तपासू शकत नाही, ऑडिटर सर्वसाधारण सभेत नेमावा लागतो. आता देशात बघा काय चाललंय.

केंद्राने कोणाचा फोन ऐकायचा तर ऑर्डरवर सही असते केंद्रीय गृहसचिवांची. ती ऑर्डर बरोबर होती का हे तपासायला रिव्ह्यू कमिटी असते आणि तिच्यात कोण, तर कॅबिनेट सेक्रेटरी, कायदा सचिव आणि दूरसंचार सचिव. म्हणजे सही करणारेही सरकार आणि तपासणारेही सरकार, एकही खासदार नाही, एकही न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा तर प्रश्नच नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगला काहीतरी लगाम हवा म्हणून ही कमिटीची पद्धत घालून दिली, तेव्हा ते मोठंच पाऊल होतं. पण त्यानंतर २०२३ चा नवा टेलिकम्युनिकेशन कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, आणि तपासणारे तेच राहिले.

आता आकडे. माहिती अधिकारात बाहेर आलेलं उत्तर असं की एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगच्या ऑर्डर काढत होतं. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात यावर स्पष्ट लिहिलं की ही रिव्ह्यू कमिटी दोन महिन्यातून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यासमोर १५ ते १८ हजार ऑर्डर असतात. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आठ तास, चहालाही न उठता, म्हणजे २८,८०० सेकंद, भागिले १५ हजार. एका ऑर्डरला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. मी रोज व्हाउचर तपासते, दोन सेकंदात पान उलटत नाही हो, त्यावरचं नाव वाचणं लांबची गोष्ट. आणि यातलं प्रत्येक नाव म्हणजे कोणाचं तरी घर, आईशी बोललेलं, डॉक्टरांशी बोललेलं सगळं त्यात.

बरं फोनचं निदान नियमात तरी आहे. आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, १८८७ मध्ये इंग्रजांनी सुरू केलेली यंत्रणा. लोकमान्यांच्या हालचालींवरचे गुप्त पोलिसांचे रिपोर्ट आज छापील पुस्तकात वाचायला मिळतात, इतकं बारीक लक्ष असायचं. स्वातंत्र्य मिळालं, पण आयबीने काय करावं, काय करू नये, कोणाला उत्तर द्यावं हे सांगणारा कायदा संसदेने आजतागायत केलेला नाही. १९८५ मध्ये एक कायदा झाला खरा, पण तो कशाबद्दल, तर गुप्तचर यंत्रणांमधल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करायची नाही, बाहेर बोलायचं नाही. माहिती अधिकारातूनही या यंत्रणा बाहेर, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून. अमेरिकेत एफबीआय पोलीस तपासही करते आणि देशातल्या देशात हेरगिरीही, आपल्याकडे ही कामं वेगवेगळ्या यंत्रणांत वाटलेली आहेत, पण प्रश्न तोच आहे.

आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट आता सांगते. दोन्ही देशांचे हात साधारण एकाच वेळी पोळले होते.

अमेरिकेत जे. एडगर हूव्हर हा माणूस १९२४ ते १९७२, तब्बल ४८ वर्षं एफबीआयच्या डोक्यावर बसला होता. १९५६ ते १९७१ या काळात कॉइनटेलप्रो नावाखाली एफबीआयने स्वतःच्याच देशातल्या लोकांच्या संघटना फोडायचं काम केलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन लावले, १९६४ मध्ये त्यांना निनावी पत्र पाठवलं, आत्महत्या कर असं सुचवणारं. सरकारी खात्याने पाठवलेलं पत्र, कोणाला, तर अहिंसेने लढणाऱ्या माणसाला. हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. हे सगळं उघड व्हायला सुरुवात झाली कारण मार्च १९७१ मध्ये काही साध्या नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका एफबीआय ऑफिसमधून कागद पळवले आणि पेपरवाल्यांना पाठवले. मग जानेवारी १९७५ मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी चौकशी समिती नेमली, फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष, दोन्ही पक्षांचे मिळून ११ सदस्य. त्यांनी फायली मागवल्या, अधिकाऱ्यांना समोर बसवलं, १९७६ मध्ये अहवाल छापला. नुसता अहवाल छापून थांबले नाहीत. सिनेटची कायमची गुप्तचर समिती १९७६ मध्ये, दुसऱ्या सभागृहाची १९७७ मध्ये, १९७८ मध्ये फिसा कायदा आणि परदेशी हेरगिरीच्या संशयावरून देशात कोणावर पाळत ठेवायची तर त्या वॉरंटसाठी वेगळं कोर्ट. एफबीआयच्या प्रमुखाची मुदतही दहा वर्षांवर बांधली.

त्याच १९७५ च्या जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी लागली. आमच्या शेजारचे काका मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवडा तुरुंगात होते. मिसात दुरुस्ती करून ठेवली होती, का पकडलं ते सांगायचीच गरज नाही. काकूंनी एकदा मला सांगितलं होतं की यांच्याबद्दल कोणी काय रिपोर्ट दिला ते कधीच कळलं नाही, आणि त्यामुळे पुढची कित्येक वर्षं काका वाड्यातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघायचे. १९७७ मध्ये आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करायला शहा आयोग बसला, जनता सरकारने आयबी आणि सीबीआयचा गैरवापर तपासायला एल. पी. सिंग समितीही नेमली. त्या समितीचा अहवाल लोकांसमोर आलाच नाही. ज्यांनी स्वतः तुरुंग भोगला ते सत्तेत होते, तेव्हा जर संसदेची कायमची समिती झाली असती तर आज पन्नास वर्षांची परंपरा असती आपल्याकडे. तिकडे समित्या झाल्या आणि इकडे फाइल कपाटात गेली. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली, कोणालाच ते कपाट उघडावंसं वाटलं नाही, कारण सत्तेत आल्यावर ती वही आपल्याच हातात असते ना. २०१० मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारींनी जाहीर भाषणात संसदीय देखरेखीची गरज मांडली, २०११ मध्ये काँग्रेसच्या मनीष तिवारींनी खाजगी विधेयक आणलं, आणि सरकार काँग्रेसचंच असूनही ते पुढे सरकलं नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. त्याच फिसा कायद्याच्या कलम ७०२ खाली परदेशी माणसांचे संदेश गोळा करायचे आणि मग त्याच साठ्यात आपल्या नागरिकांची नावं टाकून शोधायचं, हे एफबीआयने २०२१ या एका वर्षात जवळजवळ ३४ लाख वेळा केलं. निवडणुकीतल्या एका उमेदवाराला देणग्या देणाऱ्या १९ हजार लोकांची नावं घातली, आंदोलकांची घातली. समित्या असूनही झालं हे. पण हा ३४ लाखांचा आकडा मला कोथरूडमध्ये बसून माहिती आहे, कारण तिथे मोजावं लागतं आणि छापावं लागतं. मग नियम कडक केले, आणि पुढच्या वर्षी तो दोन लाखांच्या आसपास आला. एप्रिल २०२४ मध्ये अशा शोधाला वॉरंट सक्तीचं करायची दुरुस्ती आली, तर २१२ विरुद्ध २१२ अशी समसमान मतं पडून ती हरली. हरली, पण कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूला मत दिलं ते तिथल्या मतदाराला माहिती आहे. आपल्या खासदाराचं या विषयावर मत काय हे तुमच्यापैकी कोणी सांगू शकेल का? मी तरी नाही सांगू शकत.

"अगं पण दहशतवादी हल्ले होतात त्याचं काय?" घरात हे बोलले की पहिला प्रश्न हाच. मीही पुणेकर आहे. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ माणसं गेली, त्या संध्याकाळी माझा धाकटा दीर कोरेगाव पार्कात होता आणि तासभर फोन लागत नव्हता, तो तास मी विसरलेले नाही. गुप्तचरांनी काम करावं, जोरात करावं, हीच माझी इच्छा आहे. देखरेख म्हणजे त्यांचे हात बांधणं असं लोक का धरून चालतात मला कळत नाही. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकन संसदेच्या दोन्ही गुप्तचर समित्यांनी एकत्र चौकशी केली, त्यात फिनिक्समधल्या एका एफबीआय एजंटने जुलै २००१ मध्येच विमान शिकणाऱ्या संशयितांबद्दल लिहिलेला इशारा आणि वर त्याचं काहीच न झाल्याचं मांडलं गेलं. आपल्याकडे २६/११ नंतर राम प्रधान समिती नेमली राज्य सरकारने, मुंबई पोलिसांचं काम तपासायला, आणि केंद्रीय यंत्रणा तिच्या कक्षेतच नव्हत्या. मग केंद्राच्या गुप्तचरांकडे काय आलं होतं, कुठे अडलं, हे निवडून आलेल्या कुठल्या समितीने विचारलं? कोणीच नाही. दहशतवादाच्या गुन्ह्यांचा तपास करणारी एनआयए नावाची नवी संस्था मात्र महिन्याभरात कायदा करून उभी केली.

आणि झाडांच्या मीटिंगला आलेल्या पस्तीस माणसांची नावं लिहायला एक माणूस, वाचायला दुसरा, टाइप करायला तिसरा लागतो. हे तिघं त्या वेळेत दुसरं काय शोधू शकले असते?

दुसरा मुद्दा, खासदार सगळं बाहेर फोडतील. तर आपल्या संसदेच्या स्थायी समित्या आताही बंद दाराआडच बसतात, आणि गृहमंत्री हासुद्धा खासदारच असतो. ब्रिटनने १९९४ मध्ये कायद्याने अशी समिती केली, त्यांचं गुप्तचर खातं काही बंद पडलं नाही.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत आरोप झाला की काही वर्षांपूर्वी लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांनी, अमली पदार्थांच्या प्रकरणातले म्हणून दाखवून, ऐकले गेले. २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. मग राज्यातलं सरकार बदललं, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. कोण खरं कोण खोटं यावर मी बोलणार नाही, कोर्टाचा निकाल आहे. पण मला त्यातलं एवढंच खटकतं की ज्या नावाने ऑर्डर काढली ते नाव आणि तो नंबर एकाच माणसाचा आहे का, हे बघणारं तिसरं माणूस त्या वेळी कुठेच नव्हतं. आमच्याकडे नवशिकी आर्टिकलशिप करणारी मुलंही बिलावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळवून बघतात. आमदारांना जे स्वतःबद्दल कळायला पाच वर्षं लागली ते तुम्हा-आम्हाला कधी कळणार?

म्हणून मी आपल्या खासदारांना पत्र लिहिलंय. मोठ्या मागण्या नाहीत. गुप्त नावं कोणाला सांगू नका, पण दरवर्षी किती ऑर्डर काढल्या, किती नाकारल्या, किती चुकीच्या निघाल्या, हे आकडे संसदेत ठेवा. दोन्ही सभागृहांतल्या, विरोधी पक्षाचेही सदस्य असलेल्या एका समितीला बंद खोलीत कुठलीही फाइल उचलून बघायचा हक्क द्या, सँपल म्हणून शंभरातली एक बघितली तरी खूप फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगते, कारण कुठली उचलतील ते माहिती नसलं की सगळीच नीट लिहिली जातात. आणि आयबीला एक कायदा द्या, त्यांच्याच प्रामाणिक अधिकाऱ्यांसाठीही, म्हणजे कोणी साहेबाने नको ते काम सांगितलं तर त्यांना बोट ठेवायला एक कलम असेल.

पत्र मराठीत आहे, दीड पान. परवा कर्वे रोडच्या पोस्टातून स्पीड पोस्टने टाकलं, पावती जपून ठेवलीय. कोणाला मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. खासदाराचं नाव आणि मतदारसंघ तेवढा बदलून घ्या.