खबरदार, ७२ ला ३ ने भागाल तर!

रात्री साडेनऊला सगळं आवरून तुम्ही जरा कुठे मोबाईल हातात घेताय तेवढ्यात आठवीतलं पोरगं वही घेऊन येतं, की तीन क्रमागत संख्यांची बेरीज ७२ आहे तर त्या संख्या कोणत्या. घाबरू नका. फक्त काही झालं तरी ७२ ला ३ ने भागायचं नाही. भागलं तर २४ येतात, ती मधली संख्या, अलीकडे २३ पलीकडे २५, विषय संपला, पण इतक्या लवकर संपलेल्या गणिताला मार्क कोण देणार हो? तीन मार्कांचं गणित, सहा ओळी तरी दिसायला नकोत का. म्हणून सुरुवात 'समजा पहिली संख्या क्ष' इथूनच. मधलीला क्ष मानलं तर वजा एक आणि अधिक एक एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुसतं ३क्ष = ७२ उरतं, असला आळस बरा नाही. पहिलीच मानायची, मग ३क्ष + ३ = ७२ येतं, मग तो ३ पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहतं, ३क्ष = ७५, आणि उत्तर २५, २६, २७. यांची बेरीज ७८ होते, पण ती कोण करून बघतंय. ताळा वगैरे तिसरी-चौथीच्या पोरांनी बघावा.

क्रमागत विषम संख्या आल्या तर अजून मजा. सम असो नाहीतर विषम, पुढची संख्या २ नेच मोठी असते हे पोराला चुकूनही सांगू नका. समला २ आणि ४ मिळवायचे, मग विषमला १ आणि ३, वाटणी कशी सरळ झाली! बेरीज ५७ दिली असेल तर क्ष येतो १७ पूर्णांक दोन तृतीयांश. आता ही विषम संख्या आहे की नाही यावर रात्री भांडत बसू नका, 'पुस्तकात छापायला चुकलंय' म्हणा आणि झोपा. (१७, १९, २१ हे सकाळी दात घासताना सुचेल, सुचू द्या.)

प्रश्नाची शेवटची ओळ तर वाचायचीच नाही. विचारलेली असते सगळ्यात मोठी संख्या, आपण क्ष = २३ लिहून खाली दोन रेघा मारून मोकळे. भास्कराचार्य अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे, म्हणजे जेवढी असेल तेवढी, आणि जास्त अज्ञात निघाल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं द्यायचे. आठशे-साडेआठशे वर्षांत आपण सुधारलो, आपल्याला क्ष सापडला की पुरतं, संख्या मरेना का तिकडे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गणित चालू असताना घरात पुस्तक उघडं ठेवू नका. माझ्या भाच्याला क्लासच्या वर्कशीटमध्ये आलं होतं, उघड्या पुस्तकाच्या समोरासमोरच्या पृष्ठांच्या क्रमांकांची बेरीज १८७, तर क्रमांक कोणते. पठ्ठ्याने २क्ष + १ = १८७ मांडलं, क्ष = ९३ काढला, ९३ आणि ९४ लिहिलं, ताळासुद्धा घेतला. मी म्हटलं शाब्बास. तर हा विज्ञानाचं पुस्तक उघडून बसला. "मामा, ९४ मागे आहे." ९३ उजवीकडे आणि ९४ त्याच पानाच्या पाठीवर! मग इतिहास काढला, भूगोल काढला, शेवटी पान उभं धरून एक डोळा इकडून एक तिकडून लावून बघितलं. आता डावीकडे सम, उजवीकडे विषम असल्यावर समोरासमोरची बेरीज ४ ने भागली की बाकी १ च उरणार, १८५ चाललं असतं, १८९ चाललं असतं, १८७ ला बाकी ३ उरते, पण हे सगळं मला कळायला साडेअकरा वाजले.

त्याने उत्तराखाली लिहिलं, 'पण पुस्तक असं उघडत नाही'. वही परत आली, तीनपैकी तीन मार्क, त्या शेवटच्या वाक्यावर लाल पेनाची काट आणि शेजारी शेरा, 'जास्तीचे लिहू नये'.