हिरवा दिवा पाहून निश्चिंत होऊ नका: लोड बॅलन्सरवरच्या एका व्हायरल मेसेजचा प्रतिवाद

इंदुरातल्या मराठी आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. विजय नगरातल्या चार टेबलांच्या ऑफिसपासून सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कॅम्पसपर्यंत तो पोचलाय. सोबत एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेचा स्क्रीनशॉट, सगळी टार्गेट (मागचे सर्व्हर) हिरवी. मजकुराचा गोषवारा असा: क्लाउडचा लोड बॅलन्सर कंपनीच सांभाळते, आपण त्याच्याकडे बघायचं कारण नाही, हेल्थ चेक (सर्व्हर उत्तर देतोय का, ही ठरावीक वेळाने होणारी विचारणा) हिरवा असला की साइट चालू, सरासरी रिस्पॉन्स टाइम आणि ५०० च्या घरातल्या (सर्व्हरच्या बाजूच्या) एररवर एक अलार्म, एवढं पुरे, ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर) आला तर लोड वाढलाय, सर्व्हर वाढवा, आणि ॲक्सेस लॉग (प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) म्हणजे निव्वळ फुकटचा खर्च.

पाचही मुद्दे अर्धवट खरे आहेत, म्हणून तर मेसेज पटतो. स्क्रीनशॉट एडब्ल्यूएसचा असल्यामुळे खालचे आकडेही मुख्यतः तिथलेच घेतले आहेत.

‘कंपनीच सांभाळते’

हार्डवेअर, पॅचिंग, ट्रॅफिकप्रमाणे नोड वाढवणं हे कंपनी करते, यात वाद नाही. पण टाइमआउट (वाट पाहायची मुदत) किती, रूल कोणते, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉलमध्ये) कोणता पोर्ट उघडा, सबनेट (नेटवर्कचा तुकडा) केवढं, हे सगळं तुमच्या हातात असतं, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते. साधं उदाहरण: या लोड बॅलन्सरला वाढायला प्रत्येक सबनेटमध्ये किमान ८ मोकळे आयपी लागतात, आणि सबनेट किमान /२७ आकाराचं (३२ पत्त्यांचं) हवं. त्याच सबनेटमध्ये कंटेनर कोंबले आणि आयपी संपले, तर दिवाळीआधीच्या शेव-नमकीनच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर लोड बॅलन्सर वाढणार कुठे? गर्दीची वेळ आधी ठाऊक असेल तर नोव्हेंबर २०२४ पासून क्षमता आगाऊ राखून ठेवण्याची सोयही आहे. पण किती राखायची हे ठरवायला मागच्या गर्दीचे आकडे लागतात, आणि ते मॉनिटरिंगशिवाय येत नाहीत.

शिवाय कंपनीचंही चुकतं. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगल क्लाउडच्या लोड बॅलन्सिंगमध्ये बिघाड झाला, तेव्हा त्यामागच्या अनेक साइटवर लोकांना ४०४ (पान सापडलं नाही) दिसत होता. ५०० च्या घरातला एरर नव्हे, ४०४. ज्यांचा एकमेव अलार्म ५०० च्या एररवर होता, त्यांचा फोन वाजायचं कारणच नव्हतं. २० ऑक्टोबर २०२५ ला एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये तर नेटवर्क लोड बॅलन्सरची हेल्थ चेक यंत्रणाच गोंधळली. नव्याने उठलेल्या मशिनांची नेटवर्कची माहिती सगळीकडे पोचायच्या आत त्या कामाला लावल्या गेल्या, आणि धडधाकट टार्गेट नापास-पास, नापास-पास होत राहिली.

‘हेल्थ चेक हिरवा म्हणजे साइट चालू’

हेल्थ चेक म्हणजे वर्गातली हजेरी. ‘हजर’ म्हणणाऱ्याने अभ्यास केलाय, असा त्याचा अर्थ होत नाही. डीफॉल्ट सेटिंग काय आहे ते पाहा: ‘/’ या पाथवर दर ३० सेकंदांनी विचारणा, ५ सेकंदांत २०० (सगळं ठीक) हा कोड आला की पास. एनजिनएक्स या वेब सर्व्हरने ठेवलेलं स्थिर मुखपृष्ठ हे उत्तर आनंदाने देईल, मग मागे पेमेंटचा कोड पार झोपलेला का असेना.

वेळेचा हिशोब करून बघा. सलग २ वेळा नापास झाल्यावर टार्गेट लाल होतं, म्हणजे बिघाड ते लाल यात साधारण मिनिटभर जातं. पाच सर्व्हरांवर मिळून सेकंदाला ५० रिक्वेस्ट येत असतील तर एकाच्या वाट्याला १०. त्या एका मिनिटात ६०० च्या आसपास रिक्वेस्ट मेलेल्या सर्व्हरकडे जातात, आणि त्यातला बराच काळ स्क्रीन हिरवीच असते. इंटरव्हल (दोन विचारणांमधला काळ) १० सेकंदांवर आणला तर हा काळ वीसेक सेकंदांवर येतो. टाइमआउट मात्र इंटरव्हलपेक्षा कमी ठेवा.

‘मग हेल्थ चेकमध्येच डेटाबेस तपासू’ हा त्यावरचा लोकप्रिय उपाय, आणि तो आणखी महागात पडतो. डेटाबेस दोन मिनिटं मंदावला की सगळी टार्गेट एकदम नापास होतात. ऑटो स्केलिंग ग्रुपला (सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या सोयीला) लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक जोडलेला असेल तर तो इमानेइतबारे सगळे चांगले सर्व्हर मारून नवे उठवायला घेतो. नवे सर्व्हर उठताच डेटाबेसवर कनेक्शनांची झुंबड, म्हणजे दुखणं दुप्पट. म्हणून दोन वेगळे पाथ ठेवा: लोड बॅलन्सरसाठी उथळ, जो फक्त ही प्रोसेस काम करू शकते का एवढंच सांगेल, आणि मॉनिटरिंगसाठी खोल, जो डेटाबेस, कॅशे, पेमेंट गेटवे सगळं तपासेल पण कुणाला मारणार नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्या. ग्रुपमधली सगळीच टार्गेट नापास झाली तर हा लोड बॅलन्सर ट्रॅफिक थांबवत नाही, सगळ्यांकडे पाठवतो. त्यामुळे सगळं लाल असूनही साइट व्यवस्थित चाललेली दिसू शकते. अशा वेळी बहुधा सिक्युरिटी ग्रुप किंवा चेकचा पाथ चुकलेला असतो. गूगलवर चेक नापास होण्यामागे फायरवॉल असू शकते. तिथल्या चेकची विचारणा ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ या पट्ट्यांतून येते; त्या अडवल्या की ठणठणीत सर्व्हरही आजारी. अझुअरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) विचारणारा पत्ता १६८.६३.१२९.१६.

आणि हेल्थ चेक आतून होतो, हे विसरलं जातं. लोड बॅलन्सर ते सर्व्हर एवढाच रस्ता तो पाहतो. ग्राहक ते लोड बॅलन्सर या रस्त्यावर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी यंत्रणा) आहे, सर्टिफिकेट (साइटचं एचटीटीपीएसचं ओळखपत्र) आहे. एडब्ल्यूएसचं स्वतःचं सर्टिफिकेट आपोआप नवं होतं, पण डीएनएसमधली पडताळणीची नोंद कुणी साफसफाईत उडवली नसेल तरच. बाहेरून विकत घेऊन चढवलेलं सर्टिफिकेट आपोआप नवं होत नाही. ते संपलेल्या दिवशीही सगळी टार्गेट हिरवीच राहतील. काही जण लोड बॅलन्सरच्या पुढे स्वतःचा एनजिनएक्स ठेवतात. तो लोड बॅलन्सरच्या नावाचा आयपी एकदाच, सुरू होताना शोधतो. लोड बॅलन्सरचे आयपी बदलतात, म्हणूनच त्याच्या डीएनएसची मुदत ६० सेकंद आहे. आयपी बदलले की एनजिनएक्स जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. एनजिनएक्सला रिझॉल्व्हर (आयपी विचारायचा डीएनएस सर्व्हर) देऊन पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवला की हे थांबतं. यातलं काहीही पकडायला बाहेरून, खऱ्या डोमेनवर, दर मिनिटाला एक तपासणी लागते. उत्तराचा कोडच नाही तर पानावरचा एखादा ठरावीक शब्दही तपासावा.

‘सरासरी आणि एक अलार्म पुरे’

हजार रिक्वेस्ट घ्या. ९८० ना ५० मिलिसेकंद लागले, २० ना ४ सेकंद. सरासरी येते १२९ मिलिसेकंद, झकास! पी-९५ (९५ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा) पाहिला तरी ५० मिलिसेकंद. पी-९९ पाहिलात तेव्हाच ४ सेकंद समोर येतात. आणि हे वीस जण बहुधा चेकआउटवरचेच असतात, कारण सगळ्यात जड क्वेरी तिथेच असते. तेव्हा टार्गेट रिस्पॉन्स टाइमवर पी-९९ लावा. हा आकडाही रिक्वेस्ट लोड बॅलन्सरमधून निघाल्यापासून सर्व्हरने उत्तराचे हेडर पाठवायला सुरुवात करेपर्यंतचाच असतो. मोठी पीडीएफ मोबाइलवर उतरायला लागलेला वेळ त्यात नाही.

एररच्या अलार्ममध्ये तीन खड्डे आहेत. पहिला, स्टॅटिस्टिक ‘सम’ (बेरीज) हवं. एररच्या मोजणीत प्रत्येक नोंद १ ची असते, त्यामुळे ॲव्हरेज, मिनिमम, मॅक्सिमम तिन्ही १ च दाखवतात. ‘ॲव्हरेज ५ च्या वर’ असा अलार्म जन्मात वाजणार नाही.

दुसरा, एरर नसताना क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या मॉनिटरिंग सेवेत) शून्य येत नाही, काहीच येत नाही. म्हणून एररच्या अलार्ममध्ये डेटा नसणं ‘ठीक’ धरायचं. पण हेल्दी होस्ट काउंटचं (चेक पास झालेल्या टार्गेटांच्या संख्येचं) नेमकं उलट. तो आकडा टार्गेट नोंदलेली असतील तरच येतो. डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टने सगळी टार्गेट काढली आणि नवी जोडायला विसरली, तर आकडा शून्य न होता गायबच होतो. लोक ५०३ (सेवा उपलब्ध नाही) पाहत असतात आणि ‘१ पेक्षा कमी’ वाला अलार्म ‘डेटा अपुरा’ म्हणून गप्प. इथे डेटा नसणं ‘बिघाड’ धरायचं, आणि मिनिमम पाहायचं.

तिसरा, नुसती संख्या नको, प्रमाण हवं. पण पहाटे तीनला चार रिक्वेस्टपैकी एक चुकली तर २५ टक्के होतात, म्हणून प्रमाण २ टक्क्यांच्या वर आणि एरर किमान २० अशी जोडअट घाला, पाचपैकी तीन मिनिटं. आकडे तुमच्या ट्रॅफिकप्रमाणे बदला. लोड बॅलन्सरने स्वतः दिलेले एरर आणि टार्गेटने दिलेले एरर हे दोन वेगळे मेट्रिक आहेत, ते एकाच आलेखात मिसळू नका. पहिले वाढले तर रस्ता तपासा, दुसरे वाढले तर कोड.

४६० या कोडकडेही कुणी बघत नाही. ग्राहकाने वाट पाहून कनेक्शन सोडलं की तो नोंदला जातो, आणि मोजला जातो ४०० च्या घरात. मोबाइल ॲपचा टाइमआउट ३० सेकंद आणि सर्व्हरला लागतात ४०, अशी जोडी असेल तर सर्व्हरच्या मते सगळं आलबेल असतं.

‘५०२ म्हणजे लोड वाढला’

पूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त पैसे वाया घालवणारं वाक्य हेच.

लोड बॅलन्सर सर्व्हरशी उघडलेलं कनेक्शन लगेच बंद करत नाही, पुढच्या रिक्वेस्टसाठी राखतो. त्याचा आयडल टाइमआउट डीफॉल्ट ६० सेकंद. पण सर्व्हरचाही स्वतःचा कीप-अलाइव्ह (रिकामं कनेक्शन उघडं ठेवायची मुदत) असतो: नोड जेएसचा डीफॉल्ट ५ सेकंद, अपाचेचा ५, गुनिकॉर्नचा २. पाच सेकंद काही आलं नाही की नोड जेएस कनेक्शन बंद करतो. नेमक्या त्याच क्षणी लोड बॅलन्सरने त्या कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट ढकललेली असते. समोरून उत्तराऐवजी कनेक्शन बंद झाल्याचा निरोप येतो आणि ग्राहकाला ५०२. ॲपच्या लॉगमध्ये या रिक्वेस्टचा मागमूस नसतो, म्हणून डेव्हलपर शपथेवर सांगतो की आमच्याकडे काही आलंच नाही, आणि तो खरं बोलत असतो.

यातली गंमत अशी की हा ५०२ गर्दीत कमी आणि शांततेत जास्त दिसतो. गर्दीत कनेक्शन पाच सेकंद रिकामं बसतच नाही. ज्या टीम अमेरिकेच्या ग्राहकांची साइट सांभाळतात, त्यांना तो इंदुरातल्या भर दुपारी दिसेल, कारण तिथे तेव्हा रात्र असते. सर्व्हर वाढवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ट्रॅफिक आणखी कमी, कनेक्शनं आणखी रिकामी, ५०२ आणखी जास्त. बिलही जास्त.

उपाय एका ओळीचा: सर्व्हरचा कीप-अलाइव्ह लोड बॅलन्सरच्या आयडल टाइमआउटपेक्षा मोठा ठेवा. नोडमध्ये ६५ सेकंद, आणि हेडर टाइमआउट त्याहून थोडा वर, ६६. एनजिनएक्सचा डीफॉल्ट ७५ असल्यामुळे तिथे बहुधा काही करावं लागत नाही. गूगलच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा मागच्या बाजूचा कीप-अलाइव्ह ६०० सेकंद आहे आणि तो बदलता येत नाही, म्हणून तिथे एनजिनएक्सचे ७५ पुरत नाहीत, ६२० ठेवावे लागतात.

बाकीच्यांची ओळख पटकन: ५०३ म्हणजे ग्रुपमध्ये टार्गेटच नाही. ५०४ म्हणजे एकतर १० सेकंदांत कनेक्शन जुळलं नाही (सिक्युरिटी ग्रुप पाहा), नाहीतर आयडल टाइमआउट संपेपर्यंत उत्तर आलं नाही (क्वेरी पाहा). लोडचा संबंध खरा असेल तर तो बहुतेक ५०४ च्या या दुसऱ्या प्रकारात दिसेल.

‘ॲक्सेस लॉग फुकटचा खर्च’

लॉग डीफॉल्ट बंद असतात. चालू केले तर लॉगसाठी वेगळे पैसे नाहीत, एस-३ या सेवेतल्या साठवणीचे लागतात. ३० दिवसांनी फाइल आपोआप उडतील असा लाइफसायकल नियम लावा. अथेनाने (फाइलींवर क्वेरी चालवणाऱ्या सेवेने) वाचताना तारखेप्रमाणे पार्टिशन (वेगळे भाग) ठेवा, नाहीतर एका प्रश्नासाठी वर्षभराचा डेटा चाळला जाईल आणि तेवढं बिल येईल. एवढ्यापुरती मेसेजवाल्याची काळजी रास्त.

पण वरचा ५०२ कीप-अलाइव्हचा की कोडचा, हे लॉगशिवाय सांगता येत नाही. ओळीत दोन कोड शेजारी-शेजारी असतात: लोड बॅलन्सरचा आणि टार्गेटचा. ‘५०२ ५०२’ असेल तर एरर तुमच्या ॲपनेच दिलाय. ‘५०२ -’ असेल आणि ओळीत या कोडांच्या आधी नोंदलेल्या तीन वेळांपैकी शेवटची -१ असेल, तर टार्गेटकडून उत्तर आलेलंच नाही. त्याच ओळीत टार्गेटचा आयपी आणि पोर्ट असतो. क्लाउडवॉचचे आकडे टार्गेट ग्रुपपर्यंतच उतरतात, एकेका सर्व्हरपर्यंत नाही. पाचातला कोणता एरर देतोय हे इथे कळतं. फाइल दर ५ मिनिटांनी येतात, तेव्हा अलार्मसाठी लॉगवर विसंबू नका, शोधासाठी वापरा.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही: अलार्म वाजला तर तो कुणाला ऐकू जातो? एसएनएसवर (अलार्मची सूचना पाठवणाऱ्या सेवेवर) ईमेल टाकला की पुष्टीची लिंक येते. ती कुणी दाबली नाही तर सबस्क्रिप्शन ‘पेंडिंग’ राहतं आणि अलार्म हवेत विरतो. सेट-अलार्म-स्टेट ही कमांड वापरून अलार्म हाताने लाल करता येतो. कामाच्या दिवशी दुपारी एकदा करून बघा, आणि ज्याचा फोन वाजायला हवा त्याचाच वाजला का ते विचारा.