झेलेअण्णांची चूक कबूल, हिंदुरावाबद्दल मात्र नाही

नमस्कार काका,

माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेत नावाच्या जागी तुम्ही 'जुना प्रेक्षक' एवढंच लिहिलंय. पण 'सामना' कॉलेजात असताना टॉकीजला बघितला म्हणालात, म्हणून काका म्हणतोय. पटत नसेल तर पुढच्या वेळी शिवी बदला, मी संबोधन बदलतो.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या जुन्या मराठी चित्रपटांत नायकापेक्षा वाड्यावरचा पाटीलच जास्त जिवंत वाटतो, आणि त्यात मला सगळ्यात आवडतो तो 'सामना'तला, निळू फुल्यांनी केलेला हिंदुराव धोंडे पाटील. त्यावर काकांनी मला चांगलंच धुतलंय. मी गुंडाला डोक्यावर घेतलं, भालजी पेंढारकरांच्या नायकाला 'भाबडा' म्हणून कोल्हापुरात राहून कोल्हापूरचा अपमान केला, तमाशापटांतला नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना एका वाक्यात उडवलं, वर माहितीही चुकीची दिली. शेवटी "मोबाईलवर सिनेमा बघणाऱ्याला पडदा काय कळणार" हेही आहेच.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथं मला तोंडच नाही. निळू फुले 'सामना'मुळे पहिल्यांदा लोकांसमोर आले असं मी लिहून बसलो. साफ चूक. त्याच्या कितीतरी आधी, १९६८ साली, अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मध्ये ते झेलेअण्णा होऊन आले आणि तिथूनच पडद्यावर रुजले. त्याचं लेखन आपल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचं, म्हणजे निदान इथल्या माणसानं तरी ही चूक करायला नको होती. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही या चुकीला 'अक्षम्य' म्हणालात, तेवढा शब्द जरा जड झाला असं वाटतं, पण असू दे.

आता हिंदुराव. तुम्ही लिहिलंय, "आमच्या वेळी बायका निळूभाऊंना बघून बोटं मोडायच्या, आणि तुम्हाला तो माणूस आवडतो?" हो, आवडतो. का ते पडद्यावरून सांगण्यापेक्षा उसाच्या फडातून सांगितलेलं बरं.

माझ्या आजोळी एका वर्षी ऊस तुरा येईपर्यंत रानात उभा होता. शेजारच्या सगळ्यांची तोड झाली, आमचीच येईना. ऊसतोडीची चिठ्ठी आणणारा कारखान्याचा चिटबॉय रोज "उद्या टोळी येतीया" म्हणायचा. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. आजोबांनी साखर कारखान्याच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलचा प्रचार केला होता. (कारखाना कुठला, ते विचारू नका.) मग एक दिवस त्यांना बोलावणं आलं. कुणी दम दिला नाही, निवडणुकीचं नावही काढलं नाही. चहा झाला, आजीच्या गुडघ्याची चौकशी झाली, मामाच्या नोकरीचं काय झालं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी फडात. त्या दिवसापासून आजोबांनी त्या दुसऱ्या पॅनेलचं नाव तोंडातून काढलं नाही.

हे मी लहानपणी ऐकलं होतं. पुढं 'सामना' बघितला तेव्हा हिंदुराव पहिल्या काही मिनिटांतच ओळखीचा वाटला. चाबूक घेऊन फिरणारा पाटील आमच्या घरात कुणीच बघितला नव्हता. चहा पाजणारा सगळ्यांनी बघितला होता. गावात कुठून तरी आलेल्या, दारूनं खंगलेल्या त्या मास्तरला हिंदुराव घरी नेतो, खायला घालतो, प्यायला देतो, स्वतःचं साम्राज्य कौतुकानं दाखवतो. यात निव्वळ डाव आहे असं मला कधीच वाटलं नाही. त्याला त्या मास्तरची संगत खरंच हवी आहे. सगळे हांजी हांजी करणारे, बरोबरीनं बोलणारं कुणीच नाही. आणि नेमका तोच माणूस गावातून नाहीशा झालेल्या एकाबद्दल विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी उभ्या केलेल्या या चित्रपटात मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच, की प्रश्नाची भीती हिंदुरावाला आहे, पण प्रश्न विचारणारा माणूस त्याला सोडवत नाही.

माझी आजी टीव्हीवर हा चित्रपट बघता बघता म्हणाली होती, "माणूस वंगाळ हाय, पर दारात आल्याला उपाशी धाडत न्हाई." ज्या बाईचा ऊस तसल्याच माणसानं अडवला होता, ती हे म्हणते. मी लेखात 'आवडतो' लिहिलं ते या अर्थानं. तो सुटावा असं मी म्हटलेलं नाही. मारुती कांबळेच्या बाजूनं मीही आहे, काका.

आणि निळूभाऊंना नुसतं वाड्यावर बसवून ठेवणं हाही त्यांच्यावर अन्यायच. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच दिगू टिपणीस झालेत. पत्रकार, सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर आपले अरुण सरनाईक, समोर डॉ. श्रीराम लागू, आणि या सगळ्यांच्या मधून हा खांद्यावर पिशवी टाकल्यासारखा माणूस फिरतो. शेवटचं त्याचं ते हसू बघून मला रात्री झोप लागली नव्हती. हिंदुरावाची सत्ता आणि दिगूची लाचारी एकाच चेहऱ्यावर मावते, हे लोक विसरतात आणि 'वाड्यावर या'चे विनोद मोबाईलवर फिरवत बसतात. त्या बाबतीत मोबाईलला तुम्ही घाला शिव्या, मी साथ देतो.

आता भालजी. इथं मी अर्धा माघार घेतो.

त्यांचा 'साधी माणसं' मी मागच्या रविवारी पुन्हा बघितला, खास तुमच्यासाठी. ऐरणीचं गाणं तर सगळ्यांना पाठ आहे. जगदीश खेबुडकरांचे शब्द, 'आनंदघन' नावाआड लताबाईंचं संगीत, वगैरे सांगायची गरज नाही. पण मी आजवर ते नुसतं ऐकत होतो. या वेळी आवाज बंद करून बघितलं. सूर्यकांत ऐरणीपाशी उभे राहतात तेव्हा तो माणूस अजिबात भाबडा नाही. घाव कुठं घालायचा ते त्याला ठाऊक आहे, आणि जयश्री गडकरांच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे ते कष्टाच्या जोडीदाराचं आहे, नुसत्या नवऱ्याकडं बघणाऱ्या बायकोचं नाही. मग मी भाबडा का म्हणालो? कारण हेच जोडपं गाव सोडून शहराकडं निघालं की त्याचं सगळं शहाणपण ऐरणीपाशीच राहतं. तिथून पुढं गोष्टीला त्याला फसवायचंच असतं, म्हणून तो फसतो. माझी तक्रार सूर्यकांतांबद्दल नाही, तिथून पुढच्या लेखनाबद्दल आहे.

आणि ही तक्रार एकट्या भालजींवर का काढू? बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, इथलाच, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. त्यातही शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीत जातो, आणि तो तरुण शेतकरी झालेत व्ही. शांताराम. म्हणजे ४० वर्षांच्या अंतरानं याच गावानं आपला साधा माणूस दोनदा शहराच्या तोंडी दिला. नायक सरळ, सावकार काळा. सावकाराच्या काळात हे खरंही असेल. पण पुढं सावकाराच्या जागी कारखान्याचा चेअरमन आला. तो कर्ज देतो, नोकरी देतो, लग्नाला जीप पाठवतो. त्याला काळा रंग फासून भागत नाही. त्याच्यासाठी नवीन माणूस लिहावा लागतो, आणि तो लिहिला गेला म्हणून मला हिंदुराव मोठा वाटतो. हे मी लेखात नीट मांडायला हवं होतं. तुम्ही चिडलात म्हणून आता सुचलं.

भालजींनी काय सोसलं ते मला ठाऊक नाही असं तुम्हाला वाटतं. १९४८ साली त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, 'मीठभाकर' हा चित्रपट त्यात गेला आणि या माणसानं तो पुन्हा उभा केला, हे ऐकतच आम्ही इथं मोठे झालो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना आजही हात आपोआप छातीशी जातो. पण आदर वेगळा आणि पात्र पटणं वेगळं. भालजींना नमस्कार करून मी त्यांच्या नायकाशी भांडणार. इथली तालमीतली पोरंसुद्धा वस्तादाच्या पाया पडूनच त्याच्याशी कुस्ती धरतात.

'पिंजरा'बद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, मीही दोनच लिहितो. लागूंचा मास्तर मला पडताना पटत नाही, फार घाईनं पडतो. पण स्वतःचाच पुतळा बघण्याची पाळी आल्यावर तो जसा उभा राहतो, त्याला तोड नाही.

गणपत पाटलांच्या बाबतीत मात्र मी पूर्ण चुकलो आणि तेही वाईट प्रकारे. 'नाच्या म्हणजे हशा पिकवायची सोय' असं मी लिहिलं. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पात्र होतं, माणूस नव्हता. हा याच गावचा नट. त्यांनी ते काम इतकं खरं केलं की लोक पडद्याबाहेरही त्यांना त्याच नजरेनं बघत राहिले, आणि त्याचा त्रास त्यांच्याबरोबर घरच्यांनीही काढला. नायकाला टाळ्या मिळतात, खलनायकाला शिव्या मिळतात आणि शिव्यांतही एक दबदबा असतो. नाच्याला फक्त हसू मिळतं, तेही पाठीमागून. 'आत्ता गं बया' म्हणून आम्ही शाळेत एखाद्या पोराला रडवायचो, त्यात मीही होतो. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर पहिल्यांदा तो पोरगा आठवला. ती ओळ मी लेखातून काढलेली नाही, तिच्याखाली हे सगळं जोडलंय. काढून टाकली असती तर सोपं झालं असतं.

राहता राहिला मोबाईल. खरं आहे, मी व्हीनस, उमा, पद्मा या टॉकीजच्या काळात तिकिटाच्या रांगेत उभा नव्हतो. आमच्या वाट्याला दूरदर्शन आणि भाड्याच्या कॅसेटी आल्या. तुमच्या त्या रांगेचा हेवा वाटतो, आणखी काय सांगू.

एक विनंती आहे. तुमच्याकडं 'साधी माणसं'ची टॉकीजबाहेर मिळणारी गाण्यांची पुस्तिका अजून आहे म्हणालात. विकायची नाही हेही लिहिलंत, आणि मी काही मागत नाही. फक्त तिच्यात कथासार छापलं असेल तर एवढं बघून सांगा, नायकाला काय म्हटलंय. 'भोळा' असं छापलं असेल, तर माझा 'भाबडा' मी मागे घेणार नाही.