सुपरिटेंडंट आकाशातून पडत नाही, तो वर्गातूनच वर येतो

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, तीन काकांनी आणि एका मैत्रिणीने मला पाठवून झालाय. त्यात म्हटलंय की इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातल्या सगळ्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या यंत्रणेचा, प्रमुख असलेला सुपरिटेंडंट म्हणजे वशिल्याने बसवलेला राजकीय माणूस, आयुष्यात कधी वर्गात शिकवलेलं नसतं, पगार गव्हर्नरपेक्षा जास्त, एकदा बसला की कोणी हलवू शकत नाही, म्हणून स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीला मत देण्यात काही अर्थ नाही. मी इथे पब्लिक स्कूलमध्ये मिडल स्कूलच्या मुलांना गणित शिकवते, आणि हे वाचून गप्प बसवलं नाही म्हणून लिहितेय.

आधी "कधी शिकवलेलं नसतं" हे घेऊ, कारण सगळ्यात चुकीचं तेच आहे. न्यू जर्सीत या पदासाठी स्कूल ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी साधारणपणे मास्टर्स, शाळेतल्या कामाचा ५ वर्षांचा अनुभव, इंटर्नशिप, परीक्षा, आणि नोकरी लागल्यावरही सुरुवातीला एका अनुभवी मेंटॉरच्या हाताखाली काम. नेहमीची वाट म्हणजे शिक्षक, मग सुपरवायझर किंवा व्हाइस प्रिन्सिपल, मग प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्टच्या मुख्य ऑफिसात डायरेक्टर किंवा असिस्टंट सुपरिटेंडंट, आणि मग हे पद, म्हणजे पंधरा-वीस वर्षं सहज जातात. मिगेल कार्डोना बघा, कनेटिकटमधल्या मेरिडन गावात चौथीचे शिक्षक होते, तिथेच प्रिन्सिपल झाले, मग असिस्टंट सुपरिटेंडंट, मग राज्याचे एज्युकेशन कमिशनर आणि २०२१ मध्ये थेट देशाचे शिक्षणमंत्री. आणि ही वाट आजची नाही, एला फ्लॅग यंग १८६२ मध्ये शिकागोत शिक्षिका म्हणून लागल्या आणि १९०९ मध्ये त्याच शहराच्या सुपरिटेंडंट झाल्या, एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा सांभाळणारी ती पहिली बाई.

बाहेरून आणलेली माणसं असतात का? असतात, ते नाकारत नाही. न्यूयॉर्कला २००२ मध्ये जोएल क्लाइन आले ते वकील, लॉस एंजेलिसने आधी कोलोरॅडोचे माजी गव्हर्नर रॉय रोमर आणले, मग नौदलाचा निवृत्त अधिकारी. न्यूयॉर्कमध्येच २०११ ला मासिकांच्या धंद्यातल्या कॅथी ब्लॅक आल्या आणि जेमतेम तीन महिन्यांत गेल्या. पण ही सगळी मोठ्या शहरांची उदाहरणं आहेत, तीच पेपरात येतात म्हणून डोक्यात बसतात. देशात १३ हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक लहान आहेत, तिथे हा प्रकार क्वचितच दिसतो. क्लाइन आणि ब्लॅक या दोघांनाही राज्याकडून नियमातून खास सूट घ्यावी लागली होती, म्हणजे नियम काय आहे ते त्यातूनच कळतं.

खरा प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा, की शिक्षकांमध्ये चारपैकी तीन बायका आणि सुपरिटेंडंटांमध्ये चारपैकी एक, असं का. हायस्कूलच्या प्रिन्सिपलची खुर्ची ही त्या वाटेवरची मोठी पायरी आणि तिथेच पुरुष जास्त असतात, आमच्या स्टाफरूममध्ये किती हुशार बायका प्रायमरीतच थांबल्या ते मी बघतेय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

"वशिल्याने बसवलेला, हलवता येत नाही." नेमणूक बोर्ड करतं, आणि आपल्या न्यू जर्सीत बहुतेक गावांत ते बोर्ड मतदार निवडतात. फ्लोरिडात तर काही काउंट्यांमध्ये सुपरिटेंडंटच निवडणुकीने येतो. न्यू जर्सीत त्याला नोकरीची कायमची हमी १९९१ पासून नाही, तीन ते पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, ते संपताना बोर्डाने नको म्हटलं की संपलं. बोर्डाच्या मीटिंगमध्ये तो बोलू शकतो, पण त्याला मत नसतं.

पगार मात्र मोठा आहे, हे खरंच, कित्येकांचा गव्हर्नरपेक्षा जास्त असतो. पण २०११ मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांच्या सरकारने नेमकी हीच तुलना धरून १० हजारांपर्यंत विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टना मर्यादा लावली होती, विद्यार्थी किती त्यावर ठरणारी आणि जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नरएवढी. झालं काय, अनुभवी माणसं रिटायर झाली किंवा पेन्सिल्व्हेनिया-न्यूयॉर्कला निघून गेली आणि २०१९ मध्ये ती मर्यादा काढून टाकावी लागली.

राहिला मताचा मुद्दा. वरचं वाचलंत ना, नेमणारं बोर्ड, कॉन्ट्रॅक्ट न वाढवणारंही बोर्ड. मागे आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये नवा सुपरिटेंडंट शोधत होते तेव्हा पालकांना कसा माणूस हवाय हे विचारायला एक संध्याकाळ ठेवली होती, मी गेले, इतकी मराठी घरं असलेल्या गावातून आम्ही चौघंच होतो. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही हे मान्य, पण बोर्डाच्या प्रत्येक जाहीर मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, तो कायदाच आहे, आणि माइकपाशी कोणी तुमचं सिटिझनशिप बघत नाही.