दालीची घड्याळं आणि आइन्स्टाइन
स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दालीने ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ या चित्रातली वितळणारी घड्याळं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद समजावण्यासाठी रंगवली, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. १९३१ सालच्या या चित्राची हकिगत दालीने आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पोर्त लिगात गावाजवळचे कडे आणि फांद्या तोडलेलं ऑलिव्हचं झाड आधीच रंगवून झालं होतं. रात्री जेवणानंतर पाघळलेल्या कॅमेम्बर या मऊ फ्रेंच चीजचा विचार त्याच्या मनात घोळत राहिला आणि मग घड्याळं मऊ झाली. डावीकडचं नारिंगी घड्याळ नीट पाहा. ते एकटंच कडक, पालथं आहे आणि त्यावर मुंग्या लागल्यात. दालीच्या चित्रांत मुंग्या म्हणजे कुजणं. एवढं सगळं जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरमध्ये! कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.