लाडक्या बहिणीचं वाढीव भाडं

आमच्या ह्यांना पेन्शन मिळते दोन हजार तीनशे आणि वर काही सुटे. ईपीएस-95 योजनेतली, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची. सरकारी नोकरीवाल्यांना ही भानगड ठाऊक नसते म्हणून सांगते. उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर काढला की ही मिळते. हिशेब सोपा आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. मात्र यातला पगार म्हणजे हातात पडायचा तो नव्हे. त्याला सरकारने मर्यादा घालून दिलेली असते आणि ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा ती 6,500 रुपये होती. कमीत कमी पेन्शन 1,000 रुपये, 2014 पासून तेवढीच. महागाई वाढली तर ती आपली आपण वाढते, पेन्शनला तिचं काही देणंघेणं नाही. खालच्या मजल्यावरच्या अण्णांना बाराशे मिळतात. ते आम्हाला बड्या घरचे समजतात.

ह्या पेन्शनीचा एक फायदा मात्र मानायला हवा. ती कुणाला माहीत नसते. माझे दीड हजार तसे नाहीत. ते चौकाचौकातल्या फ्लेक्सवर आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते एकदम तीन हजार म्हणून खात्यात पडले, बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला, आणि त्या दिवसापासून अख्ख्या काळेवाडीला माझी मिळकत तोंडपाठ झाली. किराणावाला उधारी लिहिताना म्हणायला लागला, "काकू, हप्ता आला ना?" नणंदेने भिशीत नाव परस्पर घालून टाकलं. हप्ता कधी सणाच्या आधी येतो, कधी दोन महिन्यांचा मिळून येतो, कधी ई-केवायसी केल्याशिवाय येणार नाही असं कळतं, आणि त्या साइटवर आधार नंबर टाकला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. पण त्याच्यावर डोळा ठेवणारे सगळे पहिल्या तारखेला हजर.

सगळ्यात उशिरा जागे झाले ते आमचे घरमालक. म्हणून त्यांनी भरपाई जोरात केली.

आमची जागा म्हणजे वन आरके, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी सकाळी. भाडं साडेसहा हजार. ह्यांना एका हार्डवेअरच्या दुकानात वह्या लिहायचं काम आहे, मी साड्यांना फॉल-पिको करते, त्यातून भाडं निघतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला तसे मालक वर आले, चहा घेतला, पंख्याकडे बघून "गरगर आवाज करतोय" म्हणाले, आणि जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणाले, "काकू, पुढच्या महिन्यापासून आठ करा."

"आठ काय?"

"हजार. दीडच तर वाढवतोय. तुम्हाला सरकार देतंच की तेवढे."

ह्यांनी मान डोलावली. लेथच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ऐकू कमी येतं आणि मान आपोआप डोलते. त्या डोलण्याने आमचं आतापर्यंत पुष्कळ नुकसान झालं आहे.

माझं म्हणणं एवढंच होतं की वाढवा, पण रीतीने वाढवा. सगळीकडे दहा टक्के वाढवतात, साडेसहाशे होतात. बरोबर दीड हजारच कसे? माझा हप्ता माझ्या खात्यात येऊन एक श्वास तरी घेईल की नाही?

ह्यांनी उत्तरादाखल अर्ज लिहायला घेतला. "प्रति, माननीय घरमालक महोदय, विषय: भाडेवाढ रद्द करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय..." कंपनीत ह्यांनी असे बरेच अर्ज दिले होते आणि कंपनी बंद पडली. मी तो कागद फॉलचं माप लिहायला घेतला आणि ह्यांना दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या वकिलांकडे पिटाळलं. मागून मीही गेले, कारण ह्यांना निम्मंच ऐकू आलं असतं.

वकील भला माणूस. भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, म्हणाले, आणि त्यात भाडेकरूला वर्षाला चारच टक्के वाढ. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. चार टक्के म्हणजे दोनशे साठ! मनातल्या मनात मी मिक्सरची दुरुस्तीसुद्धा करून टाकली. तेवढ्यात ते म्हणाले, "पण ते जुन्या भाडेकरूंना. पागडीवाल्यांना वगैरे. तुमचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. त्याला मर्यादा नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर उलट दुप्पट भरावे लागतील."

"दुप्पट" हा शब्द ह्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.

आम्ही उठणार इतक्यात वकिलांनी सहज विचारलं, करार रजिस्टर आहे ना? मी पिशवीतून कागद काढून दिला. पाचशेचा स्टॅम्प पेपर, मागे नोटरीचा गोल शिक्का, त्यात मालकांची सही कॉलर टाइट. शंभरचा स्टॅम्प पेपर नुकताच बंद झाला होता, म्हणून मालकांनी त्या वेळी वरच्या चारशे रुपयांबद्दल सरकारला आमच्यासमोर मनसोक्त शिव्या घातल्या होत्या आणि पैसे आमच्याकडून घेतले होते. वकिलांनी कागद उलटसुलट केला आणि खुर्चीत सरळ बसले. कलम 55, म्हणाले. असा करार रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाला तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं.

इतक्या वर्षांच्या संसारात, माझं म्हणणं खरं धरायची तरतूद कुठल्या तरी पुस्तकात छापलेली आहे, हे मला तेव्हा कळलं.

पण कलम हातात आलं म्हणून लगेच मालकाच्या अंगावर टाकायचं नसतं. राहायचं त्यांच्याच घरात, पाण्याचा कॉकही त्यांच्याच ताब्यात. मी गप्प बसले. दिवाळी तोंडावर होती आणि मालकीणबाईंच्या साड्या माझ्याकडे येणार हे ठरलेलं.

त्या आल्या. दोन काठपदराच्या आणि एक कसलीशी गुळगुळीत, जिच्यावर सुई ठरत नाही अशी. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई, चालू आहेत. माझे बंद झाले."

"अगंबाई! का?"

"अंगणवाडीच्या मॅडम आल्या होत्या ना, घरात चारचाकी आहे का बघायला. मी म्हटलं, नाही. ह्यांनी गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली होती. पण खालून टायर दिसत होते हो."

मी सुईत दोरा ओवत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरकारने मालकीणबाईंचे दीड हजार बंद केले, मालकांनी ते माझ्यावर चालू केले. घरात पैसा पूर्वीइतकाच यायला हवा, त्यांच्या घरात. हप्ता माझ्या नावाने निघणार, माझ्या खात्याला नुसता हात लावून दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर उतरणार, आणि मालकीणबाई पुन्हा लाडक्या. अर्थखात्यालासुद्धा इतकं सुबक जमलं नसतं.

"ताई, एक काम होतं," मी दोरा दाताने तोडत म्हटलं. "या वेळी करार तेवढा रजिस्टर करून घ्यायला सांगा मालकांना. वकील म्हणाले, नाहीतर मालकांनाच त्रास. काहीतरी तीन महिने म्हणाले."

"तीन महिने काय?"

"मला मेलीला कायद्यातलं काय कळतंय. कैद का काहीतरी."

साड्या तिथेच राहिल्या, बाई खाली गेल्या.

संध्याकाळी मालक वर आले. चहा नको म्हणाले, यावरूनच मी ओळखलं. साडेसातवर या, म्हणाले. मी सातवर बसले. मधल्या काळात ह्यांनी मान डोलवू नये म्हणून मी त्यांना दूध आणायला पाठवलं होतं. दहा टक्क्यांवर, म्हणजे 7,150 वर मिटलं. रजिस्ट्रेशनची फी एक हजार, स्टॅम्प ड्युटी दोनशेच्या घरात, आणि एजंटचे वेगळे. ते निम्मे-निम्मे. पंख्याचं मी मुद्दाम काढलं, त्यावर "बघू" म्हणाले. घरमालकाचं "बघू" ज्याने ऐकलं आहे त्याला पुढचं सांगायला नको.

एजंट घरीच आला. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं ते लाल दिव्याचं छोटं यंत्र घेऊन. अण्णा आणि त्यांचा मुलगा साक्षीला. मालकांचा अंगठा झटक्यात लागला, ह्यांचाही लागला. माझा काही केल्या लागेना. पोळ्या आणि सुई यांनी बोटांवरच्या रेघा कधीच पुसून नेल्या आहेत. बोट पुसा, बोट ओलं करा, दाबा, इतकं नका दाबू, दुसरं बोट द्या. मालक घड्याळ बघायला लागले. शेवटी एजंटने माझ्या बोटाला जरा व्हॅसलीन लावलं आणि यंत्र एकदाचं हिरवं झालं.

सही-शिक्के होत आले तसे मालक एजंटच्या कानाशी वाकले. आवाज बारीक होता, पण माझ्या कानांनी लेथ कधी ऐकलेला नाही.

"यात एक अट टाकता येईल का? निवडणुकीत एकवीसशे करू म्हणाले होते ना. ते झाले, तर वरचे सहाशे..."

एजंटने मानसुद्धा वर केली नाही. "साहेब, इथे आकडा टाकावा लागतो. आश्वासनाला रकाना नाही." मग कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. "सरळ बघा. आणि कपाळावरच्या आठ्या काढा, फोटो रिजेक्ट होतो."