बरणीतली सांग्रिया

थर्टी फर्स्टला बारा माणसं जेवायला बोलावल्यावर बायकोने विचारलं, "प्यायला काय ठेवायचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांग्रिया! घरीच करू." कृती वाचली होती मी. रेड वाइन, जरा ब्रँडी, फळं, साखर, दालचिनी. रात्रभर मुरवायचं, वाढताना सोडा. मुरवायचं म्हटलं की मराठी माणसाला भलताच आत्मविश्वास येतो.

आदल्या दिवशी वाइन शॉपवाल्याने बाटल्यांबरोबर ५ रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडला. एक दिवसाचा! आणि मुरवायचं रात्रभर. म्हणजे बारानंतर माझी बरणी बेकायदा होते का, हे विचारायचा धीर झाला नाही. "फिरकीच्या झाकणाची देऊ? उघडायला सोपी," तो म्हणाला. मला उगाच अपमान वाटला. बुचाच्याच दोन नाशिकच्या बाटल्या घेतल्या.

बूच काढायचं यंत्र आपल्याकडे नाही, हे घरी आल्यावर आठवलं. मग बुचात एक लांब स्क्रू पिळला आणि पक्कड लावून ओढला. अर्धं बूच स्क्रूबरोबर आलं, अर्धं बाटलीतच बसून राहिलं. ते पळीच्या दांड्याने आत ढकलायला गेलो तर वाइनची चिळकांडी उडाली: बनियनवर, टाइल्सवर, कॅलेंडरवर. नेमकी तेव्हाच बेल वाजली. शेजारच्या काकू विरजणाला दही मागायला आल्या होत्या. दार उघडलं तेव्हा हातात पक्कड तशीच होती. काकू दही न घेताच गेल्या. सांग्रिया हे नाव रक्ताच्या स्पॅनिश शब्दावरून, 'सांग्रे'वरून आलंय, ते त्यांना समजावायचं राहूनच गेलं.

फळांनीही छळलं. संत्र्याच्या सालासकट गोल चकत्या करा म्हणे. अहो, हे नागपुरी संत्रं! त्याचं साल सदऱ्यासारखं सैल. सुरी लावताच साल एकीकडे, फोडी दुसरीकडे आणि बिया ओट्याखाली. स्पेनमधली संत्री अंगाला साल घट्ट धरून बसत असावीत. शेवटी नुसत्या फोडीच घातल्या.

आता हे सगळं मावेल असं भांडं? कुकरला बायको नको म्हणाली. आई मावशीकडे गेली होती, म्हणून माळ्यावरची लोणच्याची चिनी मातीची बरणी काढली. लोणचं दिवाळीतच संपलेलं, बरणी धुऊन-पुसून लख्ख. वरून दादरा बांधला. दृश्य इतकं घरगुती होतं की मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चमचाभर चाखली. आधी द्राक्ष, मग संत्रं, मग दालचिनी, आणि घोट उतरल्यावर मागून सावकाश चालत आला हिंग. लोणचं भरण्याआधी आई निखाऱ्यावर हिंग टाकते आणि त्या धुरावर बरणी उपडी धरते. तीस वर्षांची धुरी, ती काय साबणाने जाते? युरोपियन युनियनने २०१४ साली नियम केला, की स्पेन नाहीतर पोर्तुगालात बनलेल्या मालालाच नुसतं 'सांग्रिया' म्हणून विकता येईल. त्यामागची कळकळ मला त्या चमच्याने पटली.

साखर वाढवली, लिंबू पिळलं, हिंग हलेना. पाहुणे आले. सोडा घालून पहिला ग्लास दिला तो वाइनमधलं कळणाऱ्या एका मित्राला. त्याने ग्लास फिरवला, हुंगला, डोळे मिटले.

"स्मोकी आहे रे! कशी केलीस?"

"पारंपरिक पद्धत," मी म्हणालो. बायको घाईघाईने पापड तळायला आत गेली.

साडेअकराला बरणीचा तळ दिसला. दोन दिवसांनी आई आली आणि पहिल्यांदा तिला माळ्यावरची रिकामी जागा दिसली. मी सगळं कबूल केलं. तिने बरणीत नाक घातलं, बराच वेळ काढलं नाही.

"लोणच्याच्या बरणीत ओला हात घालत नाहीत, आणि तू दारू ओतलीस?" मग बरणी गॅलरीत उन्हाला ठेवता ठेवता म्हणाली, "पुढच्या वर्षी करणार असलास तर आधी सांग. ताजी धुरी देऊन ठेवीन."